पंधरा गुणांची डायरी

दुपारी कोर्ट जेवायला उठलं की आमच्या बीड जिल्ह्यातल्या आष्टीच्या बाररूममध्ये डबे उघडतात आणि तोंडंही सुटतात. परवा कुणीतरी मोबाइलवरून वाचून दाखवलं की कायद्याच्या विद्यार्थ्यांना आता अशिलाशी बोलावं कसं, ऐकावं कसं, स्वतःचा राग आणि स्वतःचे पूर्वग्रह ओळखावेत कसे, हेही शिकवावं अशी मागणी होते आहे. आमच्यातले एक ज्येष्ठ, ज्यांच्या हाताखाली मी दावा लिहायला शिकलो, भाकरी मोडता मोडता म्हणाले, "असलं काही पुण्या-मुंबईच्या पोरांना शिकवा. आष्टीच्या वकिलाला उलटतपास आला पाहिजे. बाकीचं अनुभव शिकवतो." सगळे हसले. मीही हसलो, कारण त्यांच्यापुढे मी अजून ज्युनियरच आहे. तिथे जे बोललो नाही ते इथे लिहितो.

अनुभव शिकवतो, हे मला मान्य आहे. त्या शिकवणीची फी कोण भरतं, एवढंच मला विचारायचं आहे.

सनद मिळून माझं दुसरं वर्ष चालू होतं. एक बाई भावासोबत ऑफिसात आली. ऊसतोडीला जाणारं घर. भाऊ बोलका, तो खुर्चीत बसला, ती दाराजवळ फरशीवर टेकली. अर्धा तास तो सांगत गेला आणि मी लिहीत गेलो. नवरा पितो, मारतो, ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल उडवली, पाडव्याला तर घरातून बाहेर काढलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून दिवाळीच्या पाडव्याची तारीख टाकली. पोटगीचा अर्ज, घरगुती हिंसाचाराचा अर्ज, चारशे अठ्ठ्याण्णव 'अ'ची फिर्याद, सगळं आठवड्यात मार्गी. मसुदा इतका बांधीव उतरला होता की मीच तो कौतुकाने दोनदा वाचला.

ती साक्षीला उभी राहिली तेव्हा समोरच्या वकिलांनी अगदी शांतपणे विचारलं, "त्या साली दिवाळीत तुम्ही कुठं होता?" ती म्हणाली, "कारखान्यावर." त्यांनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही. त्या दिवशी तिला गावातल्या घरातून हाकललं असं मीच अर्जात लिहून ठेवलं होतं.

आष्टी तालुक्यात जन्मलेल्या माणसाला हे कळू नये? दसरा झाला की टोळ्या निघतात, दिवाळी फडावरच्या खोपीत होते आणि माणसं परततात ती गुढीपाडव्याच्या आगेमागे. ऊसतोडीच्या घरात नुसतं 'पाडवा' म्हटलं की तो चैत्रातला. मला हे माहीत होतं. गल्लीतली घरं कुलूप लावून ट्रॅक्टरमागे जाताना मी लहानपणापासून पाहिली आहेत. पण त्या अर्ध्या तासात मी त्या बाईला एकही प्रश्न विचारला नव्हता. कोर्टाबाहेर लिंबाखाली ती मला म्हणाली, "दादा, मला कुणी इचारलंच न्हाई. आन् मला तर नांदायचं व्हतं. त्यांची दारू सुटावी, येवढंच."

त्या दिवशी मला अनुभव मिळाला. तिला काय मिळालं?

इथे कायद्याचं अज्ञान नव्हतं. कलमं बरोबर होती, मुदत बरोबर होती, कोर्टही बरोबर होतं. चुकलो होतो मी. आणि का चुकलो, हे कळायला मला आणखी पाच-सहा वर्षं लागली. त्या वर्षी माझी स्वतःची बहीण सासरचा जाच सोसवेना म्हणून माहेरी येऊन राहिली होती. ऑफिसात समोर बसलेल्या भावाच्या जागी मी मलाच पाहत होतो. त्याचा संताप मला ओळखीचा वाटला आणि मी तो जसाच्या तसा उतरवून घेतला. दाराजवळ बसलेल्या बाईच्या नावाने जो अर्ज गेला, त्यातला निम्मा राग माझा होता. 'स्वतःची जाणीव' म्हटलं की आमच्या बाररूमला विपश्यना आठवते. माझ्यापुरता तिचा अर्थ एवढाच: अर्ज लिहायला घेताना ही गोष्ट कुणाची आहे, हे ओळखता येणं.

अनुभवाची बाजू घेणाऱ्यांनी मला आणखी एका गोष्टीचं उत्तर द्यावं. कोर्टातल्या मध्यस्थीसाठी मध्यस्थ तयार करायचे ठरले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या मध्यस्थी समितीने चाळीस तासांचं प्रशिक्षण आखलं. त्यात शिकवतात काय, तर मधे न तोडता ऐकणं, ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगून खात्री करून घेणं, आपला कल कुठे झुकतो आहे याकडे लक्ष ठेवणं. आणि हे कुणाला शिकवतात, तर वर्षानुवर्षं कोर्टात उभे राहिलेल्या वकिलांना आणि न्यायाधीशांना. अनुभवानेच सगळं येत असतं तर या मंडळींना कोवळ्या पोरांसारखं वर्गात बसवायची पाळी का आली असती?

डॉक्टरांनी तर हा वाद कधीच मिटवला. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आहे. रुग्णाच्या नातेवाइकांना वाईट बातमी कशी सांगायची, हे तिथे शिकवायचा विषय म्हणून शिकवतात. आपल्याकडे 'दावा हरलात' हे अजूनही कारकून सांगतो, तेही फोनवर.

आता 'पुण्या-मुंबईचं फॅड' या मुद्द्याकडे येतो. मला वाटतं, गणित नेमकं उलटं आहे. मुंबईच्या मोठ्या वकिली फर्मकडे कंपनी येते. तिचे कागद आधीच लावलेले असतात, तारखा ईमेलवर असतात, आणि बोलायला येतो तो माणूसही बहुधा कायदा शिकलेलाच असतो. आमच्याकडे येते ती प्लास्टिकची पिशवी. तिच्यात सातबारा, जुना फेरफार, सोसायटीची नोटीस, एखादा खासरा पाहणीचा उतारा, रेशनकार्ड आणि लेकीच्या लग्नाची पत्रिका एकत्र कोंबलेली असते. पिशवी आणणाऱ्याला यातलं काय महत्त्वाचं ते माहीत नसतं. जे महत्त्वाचं ते पुष्कळदा पिशवीत नसतंच. ते त्याला सांगायची लाज वाटत असते. बांधाचा दावा घेऊन आलेला माणूस खरं म्हणजे भावाने बापाच्या दहाव्याला तोंड फिरवलं म्हणून आलेला असतो. हे तुम्ही काढून घेतलं नाही तर वीस वर्षं बांध मोजत बसाल. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात; पण चढून आलेल्याला समोर बसलेल्या वकिलाने तरी शहाणपणाने दोन प्रश्न विचारावेत की नाही?

म्हणजे या शिक्षणाची गरज जितकी वरळीला, तितकीच किंवा त्याहून जास्त ती आष्टी, कडा, पाटोदा, शिरूर कासारला आहे. रेल्वे आम्हाला २०२२ साली मिळाली. ही गोष्टही तितक्याच उशिरा मिळावी असा काही नियम नाही.

ज्येष्ठांचा सगळ्यात आवडता युक्तिवाद हा की असल्या हळवेपणाने उलटतपास बोथट होईल. यावर मला थोडं सविस्तर बोलायचं आहे.

पहिलं म्हणजे, माझी केस ज्या प्रश्नाने कोसळली तो प्रश्न विचारणारा वकील अजिबात ओरडला नव्हता. त्याने अर्ज वाचला होता आणि ऊसतोडीच्या घराचं वर्ष कसं फिरतं हे त्याच्या ध्यानात होतं. माझ्या अशिलाचं जगणं माझ्यापेक्षा त्याने अधिक नीट ऐकलं. धारदार उलटतपास कानांतून येतो. आवाज चढवणं हे बहुधा तयारी नसल्याचं लक्षण असतं. (माझं तरी होतं.)

दुसरं म्हणजे, साक्षीदाराला सोलून काढणं ही कायद्याने दिलेली मुभा आहे असं समजून आपण बोलतो. भारतीय साक्ष अधिनियमाची कलमं १५४ आणि १५५ बघा. असभ्य आणि बदनामीकारक प्रश्न, केवळ अपमान करायला किंवा छळायला विचारलेले प्रश्न न्यायालयाने रोखावेत, हे तिथे लिहिलं आहे; जुन्या पुरावा कायद्यातही होतं. पॉक्सो कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे तर वकिलाला मुलाला थेट प्रश्नही विचारता येत नाही. प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचे, ते विचारणार. आणि कुटुंब न्यायालय कायद्याचं कलम १३ सांगतं की पक्षकाराला तिथे वकील हा हक्क म्हणून मिळणार नाही. १९८४ साली संसदेने आपल्या व्यवसायाबद्दल हे मत कायद्यात लिहून ठेवलं. नवरा-बायकोच्या भांडणात आपण आलो की आग विझण्याऐवजी भडकते, असा त्याचा अर्थ निघतो. या मताचा राग येण्यापेक्षा आपल्याला त्याची थोडी लाज वाटली असती तर बरं झालं असतं.

तिसरी गोष्ट जुनी आहे, पण महाराष्ट्रातली आहे. १९७२ साली, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. मथुरा प्रकरण म्हणून आपण ते शिकलो. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं, उच्च न्यायालयाने दोघांना दोषी धरलं, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमांच्या खुणा नाहीत, म्हणजे तिने प्रतिकार केला ही गोष्ट खोटी, असा तर्क. तिन्ही न्यायालयांपुढे कलमं तीच, पुरावा तोच. भीतीने गप्प बसणं म्हणजे संमती नव्हे, हे उच्च न्यायालयाला दिसलं. वरच्या न्यायालयाला दिसलं नाही. रात्रीची वेळ, पोलीस ठाणं, बंद दार आणि समोर वर्दी. अशा ठिकाणी गरीब आदिवासी मुलीच्या घशातून आवाज निघतो का, या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच कलमात नव्हतं. ते माणूस कळण्यात होतं. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पत्र लिहिणारे हे चौघे कायद्याचे शिक्षक होते. 'हे आपलं काम नव्हे' असं त्यांना वाटलं नाही.

आता एक आक्षेप माझ्या बाजूवर. तो बाररूममध्ये कुणी घेतला नाही, पण मला सगळ्यात जास्त तोच टोचतो. लोकांशी बोलण्याचं, त्यांचं मन ओळखण्याचं कसब हा काही आपोआप सद्गुण ठरत नाही. आमच्या तालुक्यात हे कसब सगळ्यात जास्त कुणाकडे असेल तर ते मुकादमाकडे. कुठल्या घरात लग्न निघालं आहे, कुणाची म्हातारी दवाखान्यात आहे, कुणाचा बोअर आटला, हे त्याला पावसाळ्यातच ठाऊक असतं. तो ओट्यावर बसतो, चहा घेतो, पोराच्या डोक्यावरून हात फिरवतो आणि नेमक्या दिवशी उचल हातावर ठेवतो. कोयत्याचा हिशोब फिटला नाही की तोच माणूस कोरा चेक आणि सही केलेला स्टॅम्प बाहेर काढतो. संवादकौशल्याच्या परीक्षेला बसवला तर तो आम्हा सगळ्यांपेक्षा वर येईल.

म्हणून नुसतं 'संवादकौशल्य' शिकवा म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. विधी महाविद्यालयांत अधूनमधून एक टायवाला पाहुणा येतो, पडद्यावर चित्रं दाखवतो, हस्तांदोलन किती घट्ट करावं ते सांगतो, 'पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट' म्हणून प्रमाणपत्र वाटतो आणि जातो. त्याने फार तर चुणचुणीत मुकादम तयार होतील. अशिलाचा विश्वास कसा मिळवायचा हे शिकवणार असाल, तर त्या विश्वासाचं मी काय करतो आहे, फी वाढवतो आहे की तारीख लांबवतो आहे, हे स्वतःला विचारायची सवयही त्याच वर्गात लागली पाहिजे. दोन्ही सुटं सुटं शिकवता येत नाही.

ती सवय किती अवघड आहे, याचं उदाहरण आमच्याच जिल्ह्यात घडलं. आरक्षणाच्या वादात बीडमध्ये गेली दोन-तीन वर्षं वातावरण इतकं तापलं की २०२५ साली जिल्हा पोलिसांनी छातीवरच्या नावपट्टीवरून आडनावच काढलं. नुसतं नाव ठेवलं. आडनाव वाचलं की समोरच्याच्या डोक्यात काय चालू होतं, हे पोलीस खात्याला कळलं. आम्हा वकिलांचं काय? वकीलपत्रावर पूर्ण नाव असतं, पुकारा पूर्ण नावाचा होतो, आणि अशील दारातून आत येताच आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो "कुठले?" आणि दुसरा "आडनाव काय म्हणालात?" त्या उत्तरानंतर आपली फी, आपला सूर, समोरचा खरं बोलतो आहे की नाही याबद्दलचा आपला अंदाज, यातलं काय काय बदलतं? मी माझ्यापुरतं सांगतो: बदलतं. कधी थोडं, कधी जास्त. तीन वर्षांच्या एलएलबीत हे मला कुणी एकदाही विचारलं नाही. समतेचं कलम १४ मात्र तोंडपाठ करून घेतलं.

"अभ्यासक्रम आधीच भरलाय, आणखी कुठं कोंबता?" हा शेवटचा आक्षेप. याचं उत्तर फार सोपं आहे आणि थोडं ओशाळवाणंही. नवीन काही कोंबायचं नाही. बार कौन्सिलच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांत अभिरूप न्यायालयाच्या सक्तीच्या पेपरात हे आहेच. विद्यार्थ्याने वकिलाच्या ऑफिसात किंवा कायदा साहाय्य केंद्रात जाऊन अशिलाच्या दोन मुलाखती प्रत्यक्ष बघायच्या आणि डायरीत नोंदवायच्या. त्या नोंदीला पंधरा गुण. शंभरात पंधरा. दिवाणी आणि फौजदारी असा एकेक खटला बघायचा, तेही आहे. नियम करणाऱ्यांना बाररूमपेक्षा अधिक समजत होतं, एवढं तरी मान्य करू.

पण त्या डायरीचं आपण काय केलं? माझी स्वतःची डायरी मी हॉस्टेलच्या गच्चीवर, आदल्या वर्षीच्या एका मुलाच्या डायरीवरून, एका रात्रीत उतरवली. दोन्ही मुलाखतींत अशिलाचं नाव 'क्ष' होतं आणि दोघांचाही चेक वटला नव्हता. पंधरापैकी तेरा मिळाले. ज्यांनी दिले त्यांनी वाचली नसणार, याबद्दल माझी तक्रार नाही. वाचण्यासारखं तिच्यात काहीच नव्हतं. मन लावून केला तो मूट, म्हणजे अभिरूप न्यायालय. कोट घालून 'माय लॉर्ड' म्हणायला सगळ्यांनाच आवडतं. तेंडुलकरांनी १९६७ सालीच 'शांतता! कोर्ट चालू आहे' मध्ये दाखवून ठेवलं आहे की खोट्याखोट्या कोर्टात साधी माणसंसुद्धा कशी चवताळतात. त्यातला सुखात्मे हा वकीलच होता, आणि खऱ्या कोर्टात त्याला काम नव्हतं, याची मूटच्या बक्षीस समारंभांत कुणीतरी आठवण करून द्यायला हरकत नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. ती पंधरा गुणांची डायरी खरी करा. दसऱ्याच्या आधी, टोळ्या निघण्यापूर्वी, बीडच्या किंवा नगरच्या विधी महाविद्यालयातली चार पोरं तालुका विधी सेवा समितीच्या मदतीने आमच्या गावांत येऊन बसू द्या. उचलीचा कागद कुठला, कोऱ्या चेकवर सही का करू नये, हे त्यांनी सांगावं आणि समोरचा काय सांगतो ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावं. परत गेल्यावर शिक्षकांनी त्यांना कलमं विचारू नयेत. एवढंच विचारावं: बोलणारा कोण होता, गप्प कोण होतं, आणि तुला कुणाचा राग आला? स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींची माणसं यांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिलेला आहे. पण तो वकील चांगला ऐकणारा असेल, याची हमी कुठल्याही कायद्यात नाही.

ज्येष्ठांना आणखी एक सांगतो, म्हणजे मी हे वर बसून लिहितो आहे असं त्यांना वाटायला नको.

मागच्या उन्हाळ्यात कायद्याच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी इंटर्नशिपला माझ्याकडे आली. डायरीत दोन्ही मुलाखती घरूनच लिहून आणल्या होत्या, माझी सही तेवढी हवी होती. मी म्हटलं, हे पान फाड आणि सोमवारी येऊन कोपऱ्यात बस. सोमवारी एक म्हातारे शेतकरी आले, वाटणीचा वाद. ती बसली, लिहीत राहिली. संध्याकाळी डायरी पुढे केली. तिने लिहिलं होतं: 'मुलाखत अठरा मिनिटं चालली. सरांनी अशिलाला नऊ वेळा मधे तोडलं. तिसऱ्या वेळी अशील सामाईक विहिरीबद्दल काहीतरी सांगत होते. नंतर त्यांनी तो विषय काढला नाही.'

मी आधी त्या म्हाताऱ्या बाबांना फोन लावला आणि विहिरीचं विचारलं. मग सही केली.